उघडलंच आहे तर

सांगलीत गाडीखाली तेलाचा थेंब पडला, तर तो जमिनीला टेकायच्या आत कुणीतरी वाकून बघत असतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथं ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, तेव्हापासून या गावाला प्रेक्षक व्हायची सवय लागली आहे, आणि बोनेट उघडून उभी असलेली गाडी म्हणजे तर बिनतिकिटाचा खेळ. नव्या गाडीपाशी लोक जरा बिचकतात, हात पाठीमागं बांधून उभे राहतात. जुन्या गाडीला हा मान नाही. तिच्याखाली कुणीही डोकं घालावं, तिचा कुठलाही पाइप कुणीही हलवून बघावा आणि मालकाकडं न बघताच “हे असं किती दिवस चाललंय?” असं विचारावं.

आमची गाडी म्हणजे 1998 ची मारुती 800. पांढरी, एमएच 10, कार्ब्युरेटरवाली. कंपनीनं 2014 च्या जानेवारीत ही गाडी बनवायचं थांबवलं, आम्ही चालवायचं थांबवलं नाही, एवढाच आमचा आणि कंपनीचा मतभेद. बाकी कंपनीबद्दल तक्रार नाही. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पाव शतक रोज तापतं आणि रोज निवतं. त्यातल्या रबरानं कायम मऊ राहावं असं म्हणणं म्हणजे आजोबांनी सूरपारंब्या खेळाव्यात असं म्हणणं. तर एके सकाळी पोर्चच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी पाच रुपयांचं जुनं जाड नाणं. घरात कुणाला काही सांगायच्या आत गल्लीला कळलं होतं.

थेंब तपासायची एक ठरलेली रीत आहे. आधी उकिडवं बसायचं. तर्जनीनं थेंब टिपायचा, अंगठ्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग गाडीकडं अजिबात न बघता समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याकडं बघायचं. निदान तिथं लिहिलेलं असतं. बोटाला उरलेलं तेल आपल्याच गाडीच्या दाराला पुसतात. या रीतीत शास्त्र नाही असं मात्र कुणी म्हणू नये. काळं आणि चिकट ते इंजिन ऑईल. हिरवट आणि ओशट ते कूलंट; ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, त्यामुळं तपासणी नाकापाशीच थांबवलेली बरी. फिक्कट, बुळबुळीत आणि पडेल तिथला रंग सोलणारं ते ब्रेक ऑईल. ते दिसलं की गाडी जागची हलवायची नाही. गंधकाचा वास मारतं ते गिअर ऑईल. आणि रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही असं काही पडत असेल तर ते एसीचं पाणी, ज्याचं कुणी काहीच करायचं नसतं.

आमचं इंजिन ऑईल होतं, यावर एकमत झालं. पण काय गळतंय हे बोटाला कळतं, कुठून गळतंय हे कळत नाही, आणि सगळी मजा त्या दुसऱ्या प्रश्नात असते. तिथं माणूस गाडी बघत नाही. जन्मभर ज्याची दुरुस्ती केली तेच त्याला गाडीखाली दिसतं.

तासगावकडचे एक बागायतदार मित्र घरी आले होते. त्यांनी गळतीचं कारण विचारलंच नाही. थेंब पडताना बघितला, पुढचा पडेपर्यंत मनात काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “चारचा ड्रिपर हाय, पण चोकअप झालाय.” द्राक्षबागेत तासाला चार लिटर सोडणारा ड्रिपर आणि माझ्या गाडीचं सगळं मिळून तीनएक लिटर तेल हा हिशेब मी त्यांना समजावून सांगितला. त्यावर ते म्हणाले, मग मल्चिंग करा. वालचंद कॉलेजात शिकणारा समोरचा मुलगा दाब, तापमान आणि श्यानता यांच्यावर पाऊण तास बोलला. त्याच्या हातात पाना दिला तर त्यानं तो उलटा धरला. पण त्याचं बोलणं ऐकताना गळती थांबल्यासारखी वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे.

सगळ्यात जड माणूस म्हणजे आमच्या मागच्या बाजूला राहणारे अण्णा. किर्लोस्करवाडीला पंपांच्या खात्यात सगळी नोकरी काढलेला माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर वाडी वसवली. अण्णा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले, पण बोलताना पहिला खड्डा त्यांनीच खणल्यासारखे बोलतात. अण्णांनी थेंब बघितला आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला.

“उत्तम आहे,” ते म्हणाले.

“अण्णा, गळतंय.”

“गळायलाच पाहिजे. पंपाच्या ग्लँडमधनं पाणी ठिबकलं नाही तर काय होतं, सांगा बघू?”

मला सांगता येईना. मग अण्णांनी सांगितलं. पंपाचा शाफ्ट बाहेर येतो तिथं ग्लँडमध्ये दोरी भरलेली असते. नवा पोरगा कामाला लागला की थेंब बघून घाबरतो आणि ग्लँडचे नट आवळत सुटतो. थेंब बंद होतो. मग दोरी कोरडी पडते, तापते, जळते आणि शाफ्टला चर पडतात. म्हणून शहाणा फिटर ग्लँड अशी आवळतो की थेंब-थेंब चालूच राहावा. तोच दोरीला गारवा देतो. अण्णांचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे, फक्त ते पंपाबद्दल खरं आहे. माझ्या गाडीला ग्लँड नाही हे त्यांना पटत नव्हतं. “नसंल कशी? फिरतंय तिथं ग्लँड आलीच,” असं म्हणून ते रोज सकाळी फिरून येताना डाग बघत आणि समाधानानं मान हलवत. डाग लहान दिसला तर काळजीत पडत.

डागापेक्षा डिपस्टिक खरी. आणि पातळी वाचायला सांगलीकराला शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे हे इथं शाळेतलं पोरही तासातासाला सांगतं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्यामुळं माझ्या गाडीच्या डिपस्टिकवरच्या दोन खुणा गल्लीला लगेच पाठ झाल्या. “आज किती?” “खालच्या खुणेच्या वर दोन सूत.” “म्हणजे उतार लागला.” 2019 च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या ते लोक पातळी विचारत नसत, रंग विचारत. तेलात पाणी मिसळलं की डिपस्टिक दुधाळ होऊन बाहेर येते, आणि ते ज्यानं एकदा बघितलंय त्याला साधं काळं तेल बघून भरून येतं. “काळं आहे ना? मग देवाची कृपा,” असं म्हणून ते निघून जात.

मग हळद. सांगलीत एवढा वेळ हळदीचा विषय निघाला नाही याचंच वाचकांना नवल वाटत असेल. मार्केट यार्डातले ओळखीचे एक अडते आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव किलो राजापुरी टाका.”

“अहो, पाणी नाही, इंजिन ऑईल गळतंय.”

“हळदीला काय फरक पडतोय?”

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची, हा घाटात अडकलेल्या ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय आहे आणि तो चालतो. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, त्या दाबानं गरम पाणी बारीक भोकाकडं धावतं, सोबत हळदीची पूड धावते, तिच्यातलं पीठ गरम पाण्यात फुगतं आणि भोकात बूच बसतं. परदेशात हेच काम मिऱ्याची पूड किंवा अंड्याचा पांढरा बलक करतो. तिकडं सांगली नाही, त्याला ते तरी काय करणार. अडचण एवढीच की भोक कुठलं आणि रेडिएटरची चांगली बारीक नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. ती दोन्हीकडं सारख्याच आपलेपणानं बसते. गाडी कशीबशी घरी पोचते, आणि पुढच्या उन्हाळ्यात न गळता उकळायला लागते. पण 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्या मानांकनात रेडिएटरचा उल्लेख नाही असं इथल्या माणसाला सांगायची माझी छाती नाही. शिवाय हळदीनं गळती थांबवावी म्हणणाऱ्या याच सांगलीत, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवत आले, आणि 2005 च्या पुरात त्या पेवांतच पाणी शिरलं. तेव्हा हळदीनं काही केलं नाही. हे मी अडत्यांना बोललो नाही. पुढं त्यांच्याकडूनच हळद घ्यायची असते.

एवढं सगळं सांगलीत. साताऱ्याला माझे साडू राहतात, बोगद्याकडं चढणाऱ्या रस्त्यावर. कऱ्हाड, पेठ नाका धरून सव्वाशेएक किलोमीटर. तिथं गेल्यावर एक नवीनच प्रकार कळला. सांगली सपाट आहे. तिथं तेल गळतं ते सरळ खाली पडतं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर बसलेलं गाव. तिथं गाडी सपाटीला उभी करायची तर आधी सपाटी शोधावी लागते. गाडीचं तोंड चढाकडं केलं की वरनं आलेलं तेल इंजिनच्या अंगावरनं मागं ओघळतं आणि डाग पडतो तो अ‍ॅक्सलखाली. संध्याकाळी निघायच्या सोयीनं तोंड उताराकडं केलं की तेच तेल पुढं येतं आणि रेडिएटरखाली पडतं. सकाळी माझ्या साडूंनी “अ‍ॅक्सलचं सील” असं सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांच्या शेजारचे सुभेदार आले. मूळचे अपशिंगे मिलिटरीचे, जिथं घराघरात फौजी, आणि स्वतः लष्कराच्या ईएमईत गाड्यांवर हयात घालवलेले. त्यांनी पुढचा डाग बघितला.

“हे पुढनं आहे.”

“सकाळी मागनं होतं.”

“सकाळचा रिपोर्ट कुणाचा?”

साडू घरात गेले. सुभेदारांनी मग थेंबाला हात न लावता हुकूम दिला: इंजिन आधी धुवा, मग निदान करा. दलदलीत पावलांचे ठसे शोधता येत नाहीत. चार शब्दांत सगळं होतं त्यात, पण फौजी माणसाचा सल्ला सिव्हिलियन लोक ऐकून घेतात आणि चहा विचारतात, तसं झालं.

साडूंची मात्र स्वतःची नवी मोठी गाडी आली होती, त्यामुळं जुन्या गाडीबद्दल त्यांना तात्त्विक मतं होती. “पाव्हणं, विकून टाका,” हे पहिलं. दुसरं म्हणजे त्यांच्या ओळखीचं गॅरेज. तिथं काचेचं ऑफिस होतं आणि बसायला सोफा होता. सोफा असलेल्या गॅरेजात कुठलीच गोष्ट वीस रुपयांत दुरुस्त होत नसते, हे सोफ्यावर बसल्यावर आपोआप कळतं. तिथल्या मुलानं गाडी लिफ्टवर चढवली, खालनं बॅटरी मारली आणि सांगितलं, “सर, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

साडूंनी माझ्याकडं अभिमानानं बघितलं.

गिअरबॉक्स आणि इंजिन जिथं जुळतात तिथनं तेल टपकत होतं. म्हणजे क्रँकच्या मागचं सील गेलं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात जाणार नाही. तर्काला तशी कुठं खोट नव्हती. पुढं तो मुलगा म्हणाला, “आणि उघडलंच आहे तर क्लच प्लेट बदलून घेऊ.”

गॅरेजवाल्यांच्या सगळ्या वाङ्मयात ‘उघडलंच आहे तर’ इतकी फलदायी शब्दयोजना दुसरी नाही. घराचं रंगकाम काढलेल्या माणसाला ती ओळखीची असेल. फरशी उखडलीच आहे तर पाइप बदलू, पाइप बदललाच आहे तर बाथरूमच नवं करू. क्लच प्लेट बदललीच आहे तर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेट काढलीच आहे तर रिलीज बेअरिंग. इंजिन सैल झालंच आहे तर त्याची माउंटिंगं. चेंबर खोललंच आहे तर बेअरिंगं बघून घेऊ. यातली एकही गोष्ट खोटी नसते, हीच तर यातली खुबी आहे. जुन्या गाडीत बदलण्यासारखं नाही असं काहीच नसतं. त्या मुलानं कागदावर लिहिलेला आकडा गाडीच्या बाजारभावाच्या इतका जवळ गेला होता की दोघांची ओळख करून द्यावी. साडू म्हणाले, “म्हणून म्हणत होतो, विकून टाका.” मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” गॅरेजमधून सुखरूप बाहेर पडायचा हा मराठीतला सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

परत सांगलीत आलो तो शंभर फुटी रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्याच्याकडं सोफा नव्हता. उलटी घातलेली एक बादली होती, ती त्यानं माझ्याकडं सरकवली. मी सगळ्यांची निदानं सांगायला लागलो. ड्रिपर, ग्लँड, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स. त्यानं मध्येच विचारलं, “ह्यातलं वरनं कुणी बघितलंय का?”

“वरनं?”

“थेंब पडतोय खाली. पण तेल काय तिथं जन्माला आलेलं न्हाई.”

मग त्यानं सुभेदारांचा हुकूम, सुभेदारांना न ओळखता, अमलात आणला. ब्रश आणि डिझेल घेऊन इंजिनची डावी बाजू घासली. पाव शतकाची पुटं काळ्या ओघळांनी खालच्या पुठ्ठ्यावर उतरली. सुती वेस्टनं पुसलं, हवा मारली. खालनं ज्या रंगाचं ॲल्युमिनियम बाहेर आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. क्षणभर ही दुसऱ्याच कुणाची गाडी आहे असं वाटलं. मग त्यानं पोऱ्याला दहाची नोट दिली आणि अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणायला पिटाळलं. जमलेल्यांपैकी एकानं सुचवलं की पावडर कशाला, पालीच्या खंडोबाचा भंडारा आहे गाडीत. मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं नाही. कोरड्या इंजिनवर त्यानं पावडर भुरभुरवली, हेडपासून खाली गिअरबॉक्सच्या घंटेपर्यंत सगळं पांढरंधोप केलं, गाडी चालू ठेवली आणि चहा मागवला.

चहा संपेपर्यंत काही झालं नाही. बघे निराश होऊन पांगायला लागले. मग मिस्त्रीनं स्कूटरचा एक फुटका साइड मिरर इंजिनमागं धरला आणि मला बोलावलं. हेडच्या डाव्या टोकाला डिस्ट्रीब्यूटर बसतो, कॅमशाफ्टवर फिरणारा. त्याच्या मानेखाली पावडर ओली झाली होती. तिथून केसाएवढी एक काळी रेघ निघाली होती, हेडवरनं वळसा घेऊन, गिअरबॉक्सच्या घंटेवर उतरून, अगदी खालच्या बोल्टाशी आली होती. बोल्टाच्या टोकाला थेंब लटकत होता. इतके दिवस सगळ्या गावानं, दोन जिल्ह्यांनी, त्या बोल्टालाच धरलं होतं.

“वरनं येतंय,” मिस्त्री म्हणाला.

पुढचं काम पटकन झालं. डिस्ट्रीब्यूटर काढायच्या आधी त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं त्याच्यावर आणि खालच्या केसवर एक सरळ ओरखडा मारला, म्हणजे परत बसवताना टायमिंग इकडचं तिकडं व्हायला नको. डिस्ट्रीब्यूटर ओढला, त्याच्या गळ्यातली रबरी रिंग नखानं उचकटली. गोल असायची ती चौकोनी झाली होती, आणि दोन बोटांत धरून वाकवल्यावर कट्‌कन दोन तुकडे. नवी रिंग वीस रुपयांची. तिला तेलाचं बोट लावलं, बसवली, ओरखड्याला ओरखडा जुळवला. मी पाकीट काढलं तर म्हणाला, थांबा, ही का गेली ते बघूया.

टॅपेट कव्हरवरनं एअर फिल्टरकडं जाणारा जाड रबरी पाइप त्यानं उपसला आणि माझ्या तळहातावर ठोकला. आतून काळ्या गाळाची गुठळी पडली. पिस्टनच्या कडेनं थोडा वायू खालच्या चेंबरमध्ये उतरतोच, जुन्या इंजिनात जरा जास्त. तो या पाइपातनं बाहेर पडायचा असतो. पाइप तुंबला की आत दाब चढतो आणि जे सील सगळ्यात म्हातारं असेल तिथनं तेलाला बाहेर ढकलतो. मिस्त्रीनं हे सगळं एका वाक्यात सांगितलं, आणि ते वाक्य असं होतं: “साहेब, ढेकर अडली की माणूस काय करतो?” भोवतीचे लोक, जे निघाले होते, ते परत आले. नाट्यपंढरीत चांगलं वाक्य वाया जात नाही.

पाइप धुऊन बसवला. मजुरीचे त्यानं तीनशे घेतले, आणि उरलेला पावडरीचा डबा मला दिला. मी म्हणालो, “मिस्त्री, उघडलंच आहे तर आणखी काही बघायचं का?” तो म्हणाला, “न्हाई. आता लावून टाकूया.”

फरशीवरचा डाग गेल्यावर अण्णा अस्वस्थ झाले. चार दिवस त्यांनी सकाळी फिरून येताना गाडीखाली वाकून बघितलं, पाचव्या दिवशी थेट दार वाजवून विचारलं, “आवळली की काय तुम्ही?” मी रिंगेचे तुकडे दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, “बघा, शाफ्टला चर पडणार तुमच्या.” तासगावकर मित्रांनी फोनवर “म्हणजे ड्रिपर बदलला तर,” एवढंच म्हटलं. अडत्यांना मी काही सांगितलं नाही. गाडी बरी झाली ती हळदीनंच, अशी त्यांची समजूत आहे आणि ते ती यार्डात सांगतात.

मे महिन्यात साताऱ्याला लग्न होतं. ऊन असं की डांबर चिकटत होतं. साडूंच्या दारात पोचलो तर ते त्यांच्या नव्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. पुण्याहून पाहुण्यांना घेऊन नुकतेच आले होते, वाटेत एसी फुल्ल. गाडीखाली ताटाएवढं ओलं झालं होतं आणि मध्ये टप्‌टप्‌ पडत होतं. सुभेदार हात पाठीमागं बांधून बाजूला उभे होते.

“पाव्हणं, बरं झालं आलात,” साडू म्हणाले. “आत्ताच घेतलेली गाडी. बघा बरं जरा.”

मी उकिडवा बसलो. थेंब बोटावर घेतला, अंगठ्यावर चोळला, वास घेतला. पाण्यासारखं पाणी होतं. मी अजिंक्यताऱ्याकडं बघितलं, मग सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी डोळा मिचकावला की उन्हानं तो मिटला, कळलं नाही.

“साडूसाहेब,” मी म्हणालो, “गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

“आणि उघडणारच आहात,” सुभेदार म्हणाले, “तर क्लच प्लेट पण बघून घ्या.”